अंतर भागिले वेग म्हणजे विमानाचा वेळ नव्हे

मुंबई ते नागपूर अंतर किती, असं विचारलं की तीन उत्तरं येतात आणि तिन्ही बरोबर असतात. सीएसएमटीहून रेल्वेने ८३७ किलोमीटर, भिवंडीजवळच्या आमणेपासून समृद्धी महामार्गाने ७०१, आणि विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत साधारण ६८५. विमानाचं बोलायचं तर शेवटचा आकडा घ्या आणि पुढे चला.

घोळ वेळेत होतो. अंतराच्या कोष्टकांत ६८५ ला ताशी ८५० किलोमीटरने भागायचं आणि 'उड्डाण वेळ ४८ मिनिटे' असं छातीठोकपणे लिहून मोकळं व्हायचं! मग तिकिटावर दीड तास दिसला की विमान कंपन्याच वेळ फुगवतात म्हणायचं. थोडा फुगवतातही, पण सगळा फरक त्यातून येत नाही.

मुळात ताशी ८५० हा वेग वर, सरळ उडतानाचा. दहा हजार फुटांखाली वेगावर साधारण ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा असते. वर चढायला वीसेक मिनिटं, आणि उतरायची तयारी दोनेकशे किलोमीटर आधीपासून. नागपूरसारख्या जवळच्या शहराला जाताना पूर्ण वेगाचा टप्पा मधे जेमतेम उरतो. शिवाय विमान सरळ रेषेत उडत नाही. ठरलेल्या हवाई मार्गाने जातं आणि धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेतं. त्यामुळे चाकं जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत तासाच्या आत क्वचितच भागतं.

आता तिकिटावरचा वेळ. तो उड्डाणाचा नसतोच. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि नागपुरात आपल्या जागी येऊन थांबलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. सुटायची वेळ ६:०० आहे म्हणजे सहाला विमान हवेत असेल, असं नाही. सहाला ट्रॅक्टर ते मागे ढकलेल, मग इंजिनं सुरू, मग धावपट्टीसाठी रांग. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. गर्दीच्या वेळी रांगेतच वीस मिनिटं गेली तर नवल नाही. समजा ६:२० ला उडालं, ७:२५ ला टेकलं, ७:३० ला थांबलं. तिकिटावर ७:३५. 'पाच मिनिटं आधी पोचलो' म्हणून घोषणा होते ती याच हिशेबावर. रांगेत जाणारा वेळ कंपनीने आधीच धरलेला असतो.

परतीचा वेळ वेगळा दिसला तर दचकू नका. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणजे नागपूरकडे जाताना पाठीशी आणि मुंबईकडे येताना तोंडावर. त्यात मुंबईवर उतरायची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या. लंडनच्या प्रवासात हाच फरक चांगला जाणवतो. तिथे निघण्याच्या आणि पोचण्याच्या वेळा नुसत्या वजा करू नका, त्या दोन घड्याळांच्या आहेत: उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच.

मी कोष्टकातल्या ४८ मिनिटांकडे ढुंकूनही बघत नाही. न्यायला येणाऱ्याला तिकिटावरची पोचायची वेळ कळवा, चेक-इन केलेली बॅग असेल तर त्यात वीसेक मिनिटं मिळवून. आणि निघताना उलटं: ६:०० च्या विमानाचं गेट वीस-पंचवीस मिनिटं आधीच बंद होतं.