पिवळ्या चिठ्ठ्या आणि सी ड्राइव्ह

ऐन सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीवर जुन्या संगणकात नवी विंडोज टाकली गेली. सकाळी मुनीमजींनी संगणक सुरू केला, तर स्क्रीनवरच्या सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्या गेलेल्या. कोणाला किती उचल दिली, कोणाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करायची राहिली, हमालीचे किती द्यायचे, सगळे त्यांवरच होते. यात मुनीमजींची चूक मला दिसत नाही. या चिठ्ठ्या साठतात कुठे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

कागदी चिकट चिठ्ठी 1980 साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीने बाजारात आणली. तिचे संगणकावरचे रूप म्हणजे स्टिकी नोट्स. ते सर्वदूर पोचले 2009 च्या विंडोज 7 मुळे. लिहा आणि सोडून द्या, सेव्ह करायची गरजच नाही! सोय मोठी, पण मेख तिथेच होती. सगळ्या चिठ्ठ्या मिळून फाइल एकच, आणि ती, विंडोज जिथे असते त्या सी ड्राइव्हमधल्या अॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात. आपल्याकडची रीत मात्र अशी, की महत्त्वाचे ते डी ड्राइव्हवर ठेवायचे आणि संगणक अडला की सी बिनधास्त फॉरमॅट मारायचा, म्हणजे पुसून कोरा करायचा.

ऑगस्ट 2016 मध्ये विंडोज 10 च्या अॅनिव्हर्सरी अपडेटने जुने स्टिकी नोट्स काढून नवे अॅप दिले. फाइल बदलली, फोल्डर बदलले, ड्राइव्ह तोच. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून चिठ्ठ्या ऑनलाइन ठेवता येऊ लागल्या, पण लॉगिन न करता चालणाऱ्या दुकानातल्या संगणकाला त्याचा काय उपयोग?

ज्यांनी नोटपॅड, म्हणजे विंडोजमधले साधे लिहायचे अॅप, धरले त्यांची तऱ्हा वेगळी. 2019 पर्यंत नोटपॅड आपणहून ‘आन्सी’ या देवनागरी न पेलणाऱ्या जुन्या पद्धतीने सेव्ह करायचे. मराठीत लिहून, समोर आलेली सूचना न वाचता ओके दाबले की देवनागरीची प्रश्नचिन्हे व्हायची. नावे जाऊन इंग्रजी आकडे तेवढे उरायचे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि बदलाची घाई झाली. आहे त्यावरच अपग्रेड केले तर चिठ्ठ्या सहसा टिकतात, शिवाय जुनी विंडोज दहा दिवस ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरात राहते. आडतीवर मात्र सी फॉरमॅट झाला होता. मुनीमजींनी एकेका शेतकऱ्याला फोन लावला आणि उचलीचा आकडा त्याच्याच तोंडून वहीत लिहून घेतला.