हीलमध्ये कुत्रा तिरका का बसतो, आणि सरळ कसा बसवायचा

'हील' (मालकाच्या पायालगत चालणं आणि थांबणं) आणि 'सिट' (बसणं) दोन्ही शिकून झालेल्या कुत्र्यांचे मालक आमच्या प्रशिक्षण वर्गात एकच तक्रार पुन्हा पुन्हा घेऊन येतात. चालतो छान, थांबलो की बसतोही लगेच, पण पुठ्ठा, म्हणजे अंगाचा मागचा भाग, बाहेर काढून बसतो. हे पत्रक त्या एका तक्रारीपुरतं आहे. बसायला मुळात कसं शिकवायचं, ते यात नाही.

सरळ म्हणजे नेमकं कसं

कुत्रा तुमच्या डाव्या बाजूला हवा. त्याचा खांदा तुमच्या पँटच्या शिवणीशी, आणि पाठीचा कणा तुमच्या पावलांच्या दिशेला समांतर. मागचे दोन्ही पाय पोटाखाली सारखे दुमडलेले असावेत, एका कुल्ल्यावर कलंडलेले नकोत. तो पायाला टेकलेला नको आणि हातभर लांबही नको. मध्ये तळहात आरामात फिरावा एवढंच अंतर असावं.

डावी बाजू ही स्पर्धांची रीत आहे. फिरायला नेताना तुम्हाला उजवी सोयीची वाटत असेल तर खुशाल उजवी ठेवा, फक्त मग पुढे जिथे डावं लिहिलंय तिथे उजवं समजा आणि उजवं तिथे डावं.

सरळपणा बघायला फरशीसारखं दुसरं साधन नाही. फरशीच्या सांध्याला समांतर उभे राहा, कुत्र्याला बसवा आणि त्याचा कणा त्या रेघेशी जुळतो का बघा. मात्र हे मान खाली घालून बघू नका. वाकून बघताना तुमचा डावा खांदा मागे जातो आणि खांद्याबरोबर कुत्रा वळतो, म्हणजे तपासता तपासताच तुम्ही त्याला तिरका करता. मोबाईल मागे खुर्चीवर टेकवून चित्रण करा आणि नंतर बघा.

हे सगळं कितपत मनावर घ्यायचं? ओबीडियन्सच्या, म्हणजे आज्ञापालनाच्या, स्पर्धेत उतरायचं असेल तर बरंच. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धेत एकूण २०० गुण असतात. पात्र ठरायला किमान १७० हवेत, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त. तिरक्या बसण्याला दर वेळी थोडेच गुण कापले जातात, पण एका फेरीत कुत्रा किती वेळा बसतो ते मोजलं की ते थोडे थोडे किती होतात ते कळतं. स्पर्धेचा विचार नसेल तर दहा-पंधरा अंशांच्या तिरकेपणासाठी जीव टाकू नका. रस्त्याच्या कडेला थांबल्यावर पुठ्ठा वाहनांच्या बाजूला जात असेल, किंवा लिफ्टमध्ये तो आडवा बसून सगळ्यांची वाट अडवत असेल, तर मात्र वेळ काढणं योग्य.

आधी स्वतःकडे बघा

कुत्र्याचं शरीर लांबट आहे. नाक उजवीकडे वळलं की पुठ्ठा डावीकडे जातो. तिरक्या बसण्याचं बहुतेक गणित या एका वाक्यात आहे. म्हणून पहिला प्रश्न हा, की त्याचं नाक उजवीकडे कोण ओढतंय?

बहुतेक वेळा तुमचा उजवा हात. आपण उजव्या हाताचे, त्यामुळे खाऊ उजव्या हातात धरतो आणि पोटासमोरून आडवा नेऊन त्याला देतो. तो खाऊ घ्यायला कुत्रा डोकं तुमच्या गुडघ्यासमोर आणतो आणि मागचा भाग आपोआप बाहेर जातो. तुमच्या लेखी ते सरळ बसल्याचं बक्षीस. त्याच्या लेखी खाऊ तुमच्या समोर मिळतो, मग पुढच्या वेळी तो बसतानाच समोर वळून बसतो. यात तो हट्टी नाही, हिशोबी आहे.

खाऊची पिशवी उजव्या खिशाशी किंवा पोटावर लटकत असली तरी हेच होतं. ती कमरेवर पाठीमागे सरकवा. फक्त एवढ्यानेच निम्मं काम झालेली कुत्री आम्ही पाहिली आहेत. पट्टा उजव्या हातात आखडून धरला तरी मान तुमच्याकडे ओढली जाते, म्हणून पट्ट्याला झोळ असू द्या. आणि बसला का ते बघायला तुम्ही वळलात, की चेहरा बघायला तोही वळतो. नजर समोर भिंतीवर ठेवायची सवय लावून घ्या. सुरुवातीला फार अवघड जातं.

खाऊ कुठे द्यायचा

डाव्या हाताने, डाव्या पँटच्या शिवणीला चिकटून, कुत्र्याच्या नाकाच्या सरळ वर. पुठ्ठा बाहेर काढण्याची सवय आधीच जुनी असेल तर खाऊ आणखी थोडा बाहेर, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या गालाशी द्या. नाक बोटभर बाहेर वळलं की पुठ्ठा बोटभर आत येतो. हातात खाऊ घेऊन आत्ता करून बघा, कुत्रा बसलेला असतानाही मागचे पाय सरकताना दिसतील.

क्लिकर (बरोबर केलंस हे सांगणारी, टिक आवाज काढणारी छोटी डबी) वापरत असाल तर क्लिक पुठ्ठा टेकायच्या क्षणी. त्याऐवजी तोंडाने 'यस' म्हणत असाल तरी तेच. त्यानंतर खाऊ सेकंदाभरात पोचायला हवा, तोही वर सांगितलेल्याच जागी. क्लिक अचूक आणि खाऊ चुकीच्या जागी, ही आमच्याकडे सर्रास दिसणारी गडबड. अशा वेळी कुत्रा खाऊच्या जागेवरूनच धडा घेतो.

मागच्या पायांची ओळख

बहुतेक कुत्र्यांना पुढचे पाय कुठे टाकायचे ते नीट कळतं. मागचे नुसते मागून येतात. पुठ्ठा जाणीवपूर्वक बाजूला सरकवता येतो, हे त्यांना शिकवावं लागतं. आमच्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा सराव हाच, आणि नेमका तोच लोक कंटाळवाणा म्हणून सोडून देतात.

एक घमेलं उपडं घाला किंवा जाड, न हलणारा ठोकळा घ्या. वर न घसरणारं काहीतरी बसवा, रबरी मॅटचा तुकडा उत्तम. उंची कुत्र्याच्या घोट्यापासून फार वर नको. आधी दोन्ही पुढचे पाय त्यावर ठेवून शांत उभं राहायला शिकू दे. इथे 'सिट' म्हणायचंच नाही.

ते जमलं की त्याच्या उजव्या अंगाला, हीलमध्ये असल्यासारखे उभे राहा. आता घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे त्याच्या डोक्याकडे, एक छोटं पाऊल टाका. तुमचा पाय त्याच्या मानेच्या जागेत शिरू लागला की तो पुढचे पाय ठोकळ्यावर ठेवून मागचे पाय तुमच्याकडे सरकवेल. पहिल्यांदा एकच पाय हलेल, तोही नकळत. त्या एका पायाला क्लिक करा, खाऊ डाव्या गालाशी द्या आणि थांबा. त्याने उडी मारून खाली उतरायचं ठरवलं तर तुमचं पाऊल मोठं पडलं आहे, लहान करा.

हळूहळू दोन पावलं, मग पाव वळसा, मग अर्धा. पूर्ण गोल फिरवायची घाई नको. तुम्ही वळलात की पुठ्ठा तुमच्या पायाला येऊन भिडतो असं दिसायला लागलं, की ठोकळा बदलून कमी उंचीचा घ्या, नंतर नुसती मॅट, नंतर काहीच नाही. सपाट जमिनीवर तुम्ही डावीकडे वळलात आणि कुत्रा मागचे पाय टाकत तुमच्याबरोबर फिरला, म्हणजे त्याला स्वतःचा पुठ्ठा सापडला. यापुढचं सगळं सोपं जातं.

फळी आणि भिंत

कुत्र्याच्या अंगाइतकी रुंद आणि बसल्यावर तो पूर्ण मावेल एवढी लांब फळी घ्या. उंची ५ ते १० सेंटिमीटर. तिच्यावर तिरकं बसलं तर एक पाय खाली उतरतो, आणि हे कुत्र्याला तुम्ही न सांगता कळतं. फळीच्या उजव्या कडेशी हीलच्या जागी उभे राहा, त्याला चढू द्या, बसू द्या, खाऊ शिवणीशी द्या. फळीवर डोळे मिटून सरळ बसायला लागला की उंची कमी करत न्या. आज फळी, उद्या एकदम मोकळी जमीन असं केलंत तर तिरकेपणा परत येतो.

भिंतीला घासून चालवणं ही जुनी युक्ती. कुत्रा भिंत आणि तुमच्या मध्ये, त्यामुळे पुठ्ठा बाहेर जायला जागाच नाही. पहिले काही दिवस त्याला अंदाज यावा म्हणून ठीक आहे. आम्ही ती लवकर सोडतो, कारण तिथे सरळपणा भिंत सांभाळते आणि कुत्रा काहीच ठरवत नाही.

चालता चालता थांबताना

उभ्या जागी सरळ बसणारा कुत्रा चालून थांबल्यावर पुन्हा तिरका होतो, तेव्हा पावलं तपासा. तुम्ही अचानक थांबलात तर तो अर्धं पाऊल पुढे जातो आणि तुमचा चेहरा बघायला वळून बसतो. शेवटची दोन पावलं आखूड टाका, दर वेळी त्याच क्रमाने टाका, आणि पाय जुळवताना शेवटचा पाय नेहमी एकच असू द्या. कुत्री पावलांचा ठेका फार लवकर ओळखतात. काही दिवसांत तो तुमच्या आखूड पावलावरच बसायची तयारी करायला लागेल.

बसण्याचेही दोन प्रकार असतात. काही कुत्री पुढचे पाय जागेवर ठेवून मागचे पोटाखाली ओढून बसतात, काही मागचे जागेवर ठेवून पुढून मागे रेलतात. हीलसाठी पहिला प्रकार बरा, कारण खांदा शिवणीपाशीच राहतो. दुसऱ्या प्रकारात कुत्रा बसता बसता तुमच्या मागे जातो. पुढचे पाय ठोकळ्यावर ठेवून बसवायचा सराव केला की पहिला प्रकार बऱ्याच कुत्र्यांच्या अंगवळणी पडतो.

तिरका बसलाच तर

हाताने पुठ्ठा दाबू किंवा ढकलू नका. ढकललं की कुत्रा उलट दिशेने जोर लावतो, आणि वाढत्या पिल्लाच्या सांध्यांना ते बरंही नाही. गुडघ्याने ठोसणं तर नकोच. त्यामुळे तुमच्या पायापासून लांब राहावं, एवढंच तो शिकेल.

पुन्हा 'सिट, सिट' म्हणण्यातही अर्थ नाही. तो बसलेलाच आहे. बसल्यावर त्याला सरळ करून खाऊ देणं हा त्याहून गोंडस सापळा आहे. तसं केलंत तर तिरकं बसायचं, मग सरकायचं, मग खाऊ, अशी तीन पायऱ्यांची कसरत तो पाठ करतो. गप्प राहून दोन पावलं पुढे चाला आणि पुन्हा थांबा. रागाचा सूर नको, खाऊही नको. लागोपाठ दोनदा तिरका बसला तर तुम्ही एक पायरी पुढे गेला आहात. फळीवर परत या.

लहानखुरी कुत्री पायाखाली येण्याच्या भीतीने लांब बसतात, आणि त्यांना खाऊ द्यायला वाकलात की आणखी लांब जातात. लांब दांड्याच्या चमच्याला मऊ खाऊ लावून तो शिवणीशी खाली सोडा, वाकावं लागत नाही. मोठी कुत्री उलट पायाला रेलतात. रेलला तर खाऊ बोटभर आणखी बाहेर द्या.

सराव नाही, डॉक्टर

नेहमी एकच मागचा पाय बाहेर टाकून बसणारा, कालपर्यंत सरळ बसून आज अचानक तिरका झालेला, बसायला टाळाटाळ करणारा किंवा उठताना पुढच्या पायांवर जोर घेणारा कुत्रा आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याचा स्नायुबंध (लिगामेंट) दुखावला की कुत्रा तो गुडघा पूर्ण दुमडत नाही आणि पाय बाजूला टाकून बसतो. खुब्याचा सांधा, पाठ किंवा गुदग्रंथी (गुदद्वाराजवळच्या ग्रंथी) भरलेल्या असणं, हीदेखील कारणं असू शकतात. अशा कुत्र्याला सरळ बसवायचा सराव म्हणजे दुखऱ्या जागेवर रोज दाब.

पिल्लं एका कुल्ल्यावर सैल बसतात ते बहुतेक वेळा स्नायू कच्चे असल्यामुळे. वाढल्यावर बरीचशी आपोआप नीट बसायला लागतात, तोवर फक्त खाऊची जागा सांभाळा. गुळगुळीत फरशी आणि वाढलेली नखं यांचाही वाटा असतो. ग्रेहाउंडसारख्या शिडशिडीत, लांब पायांच्या जातींना बसणं मुळातच फारसं आवडत नाही. त्यांच्याकडून लॅब्रॅडॉरची अपेक्षा ठेवू नका.

किती वेळ

दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाच्या आधी. कुत्र्यासाठी उठणं-बसणं म्हणजे बैठका काढणं आहे, मागचे पाय थकले की तो तिरकाच बसणार. खाऊचे तुकडे वाटाण्याएवढे करा आणि ते त्याच्या जेवणातून वजा करा.

पुढच्या वर्गाला येताना मिनिटभराचा व्हिडिओ आणा, कुत्र्याच्या मागून आणि त्याच्या पाठीच्या उंचीवर मोबाईल ठेवून काढलेला. तुमचे दोन्ही हात आणि खाऊची पिशवी त्यात दिसायला हवी. कुत्रा चौकटीबाहेर गेला तरी चालेल.