वेबिंग (१९३७ पॅटर्न) : जुळवणी आणि देखभाल

सैनिकाच्या अंगावर दारूगोळा, पाणी, शिधा आणि संगीन वाहून नेण्यासाठी जाड सुती पट्ट्यांचा जो संच असतो त्याला वेबिंग म्हणतात. मराठीत याला जवळचा शब्द नवार, खाटेला लावतात तीच, आणि तो चुकीचाही नाही कारण वीण साधारण त्याच जातीची, फक्त सैनिकी नवार कितीतरी घट्ट, दुपदरी आणि विणण्याआधीच रंगवलेल्या सुताची असते. नवार हा शब्द फारसीतून आला, तिथेही अर्थ पट्टी असाच आहे. तरी बराकीत आणि एनसीसीत सगळे वेबिंग, वेब बेल्टच म्हणतात म्हणून इथे तोच शब्द ठेवलाय. ही नोंद मुख्यतः ब्रिटिश १९३७ पॅटर्नच्या (सैन्याने मंजूर केलेल्या नमुन्याच्या) संचाबद्दल आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी सैन्याच्या अंगावर बहुतेक हाच होता, आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं तो चालला, आणि आज जुन्या सैनिकी सामानात हाच जास्त हाती लागतो.

उगम

कल्पना नेमकी कोणाची यावर मतं वेगवेगळी आहेत. सर्वसाधारणपणे श्रेय अमेरिकन सैन्यातले अधिकारी अँसन मिल्स (१८३४–१९२४) यांना दिलं जातं. १८६६ च्या सुमारास त्यांनी काडतुसं अडकवायला लूप असलेला कातडी पट्टा करून पाहिला आणि १८६७ मध्ये पेटंट घेतलं, पण कातड्यातल्या आम्लामुळे काडतुसांच्या पितळेवर हिरवा कळंक चढायचा, काडतूस लूपमध्ये चिकटून बसायचं, आणि ऐन वेळेला चिकटलेलं काडतूस म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून मग कापडी लूप आले. लूप शिवल्याशिवाय, पट्ट्याबरोबर एकसंध विणून काढायचं तंत्र त्यानंतरचं, आणि त्यात मिल्स यांचे मेहुणे ऑर्नडॉर्फ यांचा वाटा किती हा खरा वादाचा मुद्दा आहे. या पट्ट्यांना दोघांच्या नावाने ओळखलं जातं त्यावरून मागाची बाजू ऑर्नडॉर्फ यांनी सांभाळली असावी असं मानणं जास्त पटतं, कल्पना आणि सैन्यातली खटपट मात्र मिल्स यांचीच. १८८० च्या सुमारास अमेरिकन सैन्याने विणलेले पट्टे घेतले.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. मिल्स बाँब म्हणून जो हातगोळा प्रसिद्ध आहे तो १९१५ चा आणि बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांचा. त्यांचा या मिल्सशी काही संबंध नाही. १९३७ च्या पाउचमध्ये, म्हणजे बेल्टवरच्या झाकणाच्या पिशवीत, मिल्सचा हातगोळा ठेवायचे त्यामुळे गोंधळ अजून वाढतो.

ब्रिटिश सैन्य १८८८ पासून स्लेड-वॉलेस नावाचा पांढऱ्या कातड्याचा संच वापरायचं. बोअर युद्धानंतर १९०३ चा कातडी बँडोलियर (छातीवरून तिरका घालायचा काडतुसांचा पट्टा) संच आला, तोही पसंत पडला नाही. मग अँसन मिल्स यांच्याच नावाच्या मिल्स इक्विपमेंट कंपनीसाठी रॉयल आयरिश फ्युझिलियर्सचे मेजर बरोज यांनी जो संच बेतला तो १९०८ पॅटर्न, आणि वेबिंगचं खरं शास्त्र इथूनच सुरू होतं असं म्हणायला हरकत नाही. पुढे दोन्ही बाजूंना पाच-पाच पाउच, प्रत्येकात १५ राउंड (काडतुसं) म्हणजे एकूण १५०, आणि मागच्या पॅकचं वजन पुढच्या पाउचांनी तोललेलं, इतकं की कूच करताना कमरेचा बेल्ट मोकळा सोडला तरी संच अंगावर जागच्या जागी राहायचा. १९१४ मध्ये मागणी इतकी वाढली की माग पुरे पडेनात, म्हणून घाईत कातड्याचा १९१४ पॅटर्न काढावा लागला.

१९३७ चा संच याच घराण्यातला. बदल झाला तो मुख्यतः ब्रेन गन या हलक्या मशीनगनमुळे, कारण आता सेक्शनमधल्या, म्हणजे छोट्या तुकडीतल्या, प्रत्येकाने ब्रेनची मॅगझिनं (काडतुसं भरलेल्या पेट्या) वाहायची होती, म्हणून दहा छोट्या पाउचांऐवजी दोन मोठे बेसिक पाउच, एकेकात दोन मॅगझिनं. नावातलं १९३७ हे साल मंजुरीचं समजावं, पलटणींच्या अंगावर संच पोचायला त्याहून वेळ लागला, आणि हिंदी पलटणींत युद्धाच्या सुरुवातीला १९०८ चा संच चालूच होता. त्यामुळे जुन्या फोटोत १९४० साली १९०८ चे पाउच दिसले तर फोटोची तारीख चुकली असं लगेच म्हणू नये. बर्माच्या जंगलाचा अनुभव घेऊन हलका, लवकर वाळणारा १९४४ पॅटर्न निघाला, त्यानंतर १९५८ चा.

इटलीतल्या मोहिमेत मराठा पलटणींकडे १९३७ चाच संच होता. नाईक यशवंत घाडगे (३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण) यांनी १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली, आणि त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीला धरून तिच्या दस्त्याने लढले असं नोंदलेलं आहे. पाउचचं झाकण उघडून मॅगझिन काढायला जे दोन-तीन सेकंद लागतात ते सैनिकाच्या हिशोबात केवढे असतात ते यावरून कळतं, आणि पाउच कुठे, किती उंचीवर बसवायचा याला एवढं महत्त्व का होतं तेही.

जुळवणी

बेल्ट सव्वादोन इंच रुंद. दोन्ही टोकांना पितळी दुहेरी हुक असतात, ते बेल्टच्या आतल्या बाजूला अडकवून माप कमीजास्त करतात आणि वरून रनर, म्हणजे सरकती कडी, सरकवून दुमड दाबून टाकतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एकाच बाजूने माप कमी करणं. तसं केलं की बेल्टच्या मागची दोन तिरकी बकलं पाठीच्या कण्यापासून एका बाजूला सरकतात, मग खांद्यावरचे पट्टे वाकडे पडतात आणि एक खांदा दुखतो. दोन्ही टोकं सारखीच दुमडायची, आणि तेही ज्या कपड्यांवर घालायचं ते अंगावर असताना, कारण लोकरी बॅटलड्रेसवरचं माप आणि सुती शर्टावरचं माप यात चांगलाच फरक पडतो.

ब्रेस म्हणजे खांद्यावरचे पट्टे, मध्ये दोन इंच रुंद आणि टोकाला एक इंच. दोनपैकी एकाला लूप असतो, दुसरा त्यातून ओवून पाठीवर फुली करायची, मागे तिरक्या बकलांत आणि पुढे पाउचच्या वरच्या बकलांत टोकं घालायची. या बकलांना जीभ नसते, नवार स्वतःच्याच ताणाने आवळून बसते, म्हणून ओढून घट्ट करण्यापेक्षा भार घालून, चार पावलं चालून, मग पुन्हा ओढायचं. खाली उरलेली टोकं कापू नयेत, ती जास्तीची नाहीत, पाण्याच्या बाटलीचा कॅरियर त्यांनाच लटकतो. पाठीवरच्या हॅवरसॅकचे एल आकाराचे पट्टे पाउचच्या माथ्याला हुकतात, म्हणजे पाउच रिकामे आणि हॅवरसॅक भरलेली असेल तर बेल्ट पुढून वर चढणारच, त्यात संचाचा दोष नाही. प्रदर्शनासाठी पुतळ्यावर चढवताना म्हणूनच पाउचमध्ये हलकं काहीतरी भरावं.

देखभाल

इथे ब्लँकोचा, म्हणजे वेबिंगला लावायच्या रंगाच्या वडीचा, विषय आधी घ्यावा लागतो. मुळात कातड्याला पाइपक्ले म्हणजे पांढरी माती लावायची जुनी चाल, तिला पर्याय म्हणून शेफील्डच्या पिकरिंग कंपनीने ब्लँको काढला, नाव अर्थातच पांढऱ्यावरून. पुढे खाकी आणि हिरवट छटा आल्या, त्या नंबरांनी ओळखल्या जायच्या, खाकी ग्रीन ३ म्हणजे केजी ३ हे त्यातलं संग्राहकांच्या तोंडी सगळ्यात जास्त असणारं नाव. ओला ब्रश वडीवर घासून रंग वेबिंगवर चढवायचा, वाळू द्यायचा, पितळेवर उडालेला पुसायचा आणि मग पितळ चमकवायचं, हा कार्यक्रम पुन्हा पुन्हा. यामुळे नवारीला खरंच संरक्षण मिळायचं का यावर दोन मतं आहेत. काहींच्या मते थरामुळे वीण बुजून पाणी कमी शिरायचं, पण नवारीचं सूत विणण्याआधीच पाणी धरणार नाही असं केलेलं होतं, त्यामुळे उपयोग मुख्यतः रंग एकसारखा दिसण्यापुरताच असावा असं मानणं योग्य वाटतं.

आता असा संच हाती आल्यावर तो धुवायचा का? आमचं स्पष्ट मत आहे की आधी धुवू नये. ब्लँकोच्या थराखाली आणि झाकणाच्या आत सैनिकाचा नंबर, पलटणीची खूण, कारखान्याचा शिक्का आणि साल असतं, आणि ब्लँको पाण्यात सुटतो, शाईचा भरवसा नाही. एकदा बादलीत बुडवलं की एका माणसाची आठवण गटारात गेली, ती परत येत नाही. शिक्के आधी नीट वाचून फोटो काढून ठेवावेत. बाणाची खूण म्हणजे सरकारी मालाचा शिक्का. तिच्याबरोबर आय असेल तर हिंदुस्थानातला माल, सी च्या आत बाण असेल तर कॅनडाचा, यू च्या आत असेल तर दक्षिण आफ्रिकेचा, दोन डी मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलियाचा. हिंदुस्थानातली वीण बहुधा भरड असते, म्हणून तिला नकली समजून टाकून देणारे लोक आहेत, ते चुकतात. आणि साल आहे ते बनवल्याचं, वापरल्याचं नाही.

सुकी धूळ मऊ ब्रशने झाडावी, विणीच्या दिशेने. धुणं टळतच नसेल, म्हणजे बुरशी किंवा चिखल असेल, तर आधी आतल्या बाजूला ओला पांढरा कपडा दाबून रंग किती सुटतो ते बघावं, मग गार पाणी आणि सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत आडवं पसरून वाळवायचं. ब्लीच, गरम पाणी आणि वॉशिंग मशीन या तिन्हींपासून लांब.

पितळेचं सांगायचं तर आपल्याकडे हात लगेच चिंच नाहीतर पितांबरीकडे जातो. देवाची भांडी वेगळी, ती खळखळून धुता येतात. इथे आंबट पाणी बकलाच्या कडेने नवारीत मुरतं आणि सूत कुजवतं, आणि पावडर विणीत अडकून पांढरी रेघ कायमची राहते. ब्रासो लावायचंच असेल तर बकलाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून, कपड्याच्या टोकाने अगदी थोडं. हिरवा कळंक बांबूच्या काडीने खरवडला तरी निघतो. युद्धकाळात पितळेऐवजी लोखंडी बकलंही आली, ती गंजली की डाग सुतात उतरतो आणि तिथे नवार आधी तुटते, म्हणून तिथे ओल अजिबात नको.

उसवलेली शिवण मेण लावलेल्या सुती दोऱ्याने जुन्याच भोकांतून शिवावी. नायलॉनचा दोरा मजबूत असतो हे खरं पण तोच जुन्या सुताला कापतो.

कोकणात, मुंबईत खरा शत्रू पावसाळा आहे. हवेतली आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की सुतावर बुरशी धरते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलं तर अजून लवकर. सुती कापडात सैल गुंडाळून, हवा खेळेल अशा वरच्या फळीवर ठेवावं, घड्या दर काही महिन्यांनी बदलाव्यात नाहीतर घडीवर सूत तुटतं. डांबराच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही, लोकर खाणाऱ्या कसरीला सुतात रस नसतो. कातडी वस्तू, म्हणजे म्यानं वगैरे, वेबिंगला लागून ठेवू नयेत, ज्या कळंकाने मिल्स यांना कातडं सोडायला लावलं तोच पुन्हा पितळेवर येतो.

१९४४ आणि १९५८ च्या संचांच्या देखभालीत पितळ सोडून बाकीचे बहुतेक नियम हेच लागू पडतात. एनसीसीच्या कॅडेटला मिळणारा खाकी वेब बेल्टही जुळवणीच्या दृष्टीने १९३७ च्या बेल्टचाच धाकटा भाऊ आहे, रनर आणि हुक तसेच, त्यामुळे ज्याने तो परेडच्या आदल्या रात्री बसवलाय त्याला जुना बेल्ट हातात आला की काही शिकवावं लागत नाही.