दिलगिरी आणि माफी: धर्मगुरूंनी यातलं काय द्यावं?

पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर शांतता समितीची बैठक होती. गणपती आणि ईद-ए-मिलाद लागून आले होते. त्याआधी आठ-दहा दिवस, नागपुरातल्या आमच्याच भागात कीर्तन करताना एका महाराजांनी मुसलमानांच्या प्रार्थनेबद्दल एक वाक्य बोलून टाकलं आणि त्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला. ते वाक्य इथे पुन्हा लिहीत नाही. ते खोटं होतं आणि हिणवणारं होतं, एवढं पुरे.

टेबलावर टाइप केलेला कागद होता: ‘माझ्या वक्तव्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ ठाणेदार साहेब म्हणाले, ‘‘चला, माफी मागितली. सही करा, विषय संपला.’’ मशिदीच्या कमिटीतल्या एका वयस्कर चाचांनी चष्मा कपाळावर चढवून तो कागद डोळ्यांजवळ धरला, दोनदा वाचला आणि हळूच म्हणाले, ‘‘महाराज, दुखलं तर आहेच जी. मग ‘असतील तर’ काहून लिहिलं?’’

महाराज खाली बघत राहिले. मी इतिवृत्त लिहीत होतो. ‘माफी मागितली’ असं लिहायला घेतलेलं वाक्य मी अर्ध्यावर थांबवलं, कारण कागदावर माफी नव्हतीच.

दिलगिरी आपण व्यक्त करतो, माफी मागतो. फरक क्रियापदातच आहे. व्यक्त करायला समोर कुणी नसलं तरी चालतं. मागायला मात्र देणारा लागतो, आणि तो ‘नाही’ म्हणू शकतो. ‘दिलगीर’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ मन खिन्न झालेला. म्हणजे दिलगिरीत मी माझ्या मनाची अवस्था सांगतो. ‘माफ’ अरबीतून आला आणि आपल्याकडे तो सारामाफी, फीमाफी, कर्जमाफी असा देण्याघेण्याच्या व्यवहारात रुळला. विदर्भात कर्जमाफी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर जो बोजा चढलेला असतो, तोच माफ होतो. कर्ज घेतलंच नाही म्हणणाऱ्याला माफी कशाची देणार? धर्मगुरूंच्या माफीचंही तसंच आहे. आधी ‘हे मी बोललो आणि ते चूक होतं’ असा बोजा स्वतःच्या नावावर चढवावा लागतो. ‘असतील तर’ने तो बोजा चढतच नाही, उलट ज्याला लागलं त्याच्या हळवेपणावर जातो.

वर्तमानपत्रांचे मथळे हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. १२ सप्टेंबर २००६ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग विद्यापीठात श्रद्धा आणि विवेक यांवर व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी बायझंटाईन सम्राट मॅन्युएल दुसरा याचं पैगंबरांविषयीचं एक कडवट वाक्य उद्धृत केलं. जगभर निदर्शनं झाली. १७ सप्टेंबरला पोप म्हणाले की, आपल्या भाषणातल्या काही भागावर काही देशांत ज्या प्रतिक्रिया उमटल्या त्यांचं आपल्याला अतिशय दुःख आहे, आणि ते शब्द एका मध्ययुगीन ग्रंथातले आहेत, आपले विचार नव्हेत. अनेकांनी याला माफी म्हटलं. पण नीट वाचलं तर दुःख प्रतिक्रियांचं आहे, व्याख्यानाचं नाही. म्हणजे ही दिलगिरी, आणि म्हणूनच अनेक मुस्लिम संघटनांना ती अपुरी वाटली.

तरी दिलगिरीला मी कवडीमोल म्हणणार नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बेनेडिक्ट इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत गेले आणि तिथल्या मुफ्तींशेजारी मक्केच्या दिशेला तोंड करून शांत उभे राहिले. पुढच्या वर्षी १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना संवादाचं खुलं पत्र पाठवलं. दिलगिरीने दार किलकिलं ठेवलं, पुढचं काम पावलांनी केलं.

त्यांच्या आधीचे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी व्हॅटिकनमध्ये चर्चच्या लेकरांकडून इतिहासात घडलेल्या पापांसाठी क्षमा मागितली. ज्यूंवरचा अन्याय त्यात होता. दोन आठवड्यांनी जेरुसलेममध्ये, ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीच्या फटीत त्यांनी क्षमा मागणारा, स्वतःच्या हाताने सही केलेला कागद ठेवला. वयाने आणि आजाराने थकलेला तो हात थरथरत होता. ही माफी होती, कारण यात ‘जर-तर’ नव्हतं. होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, स्पष्ट उल्लेख नाही म्हणून काही ज्यूंनी नाराजी बोलून दाखवली, तीही समजण्यासारखी आहे. शिवाय ती क्षमा देवाकडे मागितलेली होती. ज्यू आणि इस्लामी परंपरेत माणसाचं देणं माणसाशीच मिटवावं लागतं. ज्याला दुखावलं त्याची समजूत काढल्याशिवाय देवाकडचा हिशेबही पुरा होत नाही. चाचा जे विचारत होते, त्यामागे हीच शिकवण असावी.

मग धर्मगुरूंनी दुसऱ्या धर्माबद्दल बोलल्यावर माफी मागावी का? माझं मत सरळ आहे. बोललेलं खोटं असेल किंवा माणसांना हिणवणारं असेल तर मागावी, पूर्ण मागावी, दिलगिरीवर भागवू नये. पण ‘आमचा मार्ग वेगळा आहे, तुमची अमुक शिकवण आम्हाला पटत नाही’ एवढंच कुणी म्हणाला असेल तर तिथे माफी मागायला लावणं अन्याय आहे. मूर्तिपूजा, अवतार, येशूचं देवत्व, आत्मा या गोष्टींवर धर्मांचं एकमत नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसमोर धर्म बदलला आणि जुन्या देवांना मानणार नाही अशी प्रतिज्ञा जाहीरपणे घेतली, त्या शहराला मतभेद आणि अपमान यांतला फरक तरी कळायला हवा. मतभेदामुळे कुणाला वाईट वाटलं तर ‘तुम्हाला दुखलं याचं मला वाईट वाटतं’ म्हणावं. दिलगिरीची खरी जागा ही आहे.

आणखी एक गोष्ट माफीत घुसडली जाते, नाक घासायला लावणं. मोर्चा काढून ‘माफी मागा नाहीतर बघून घेऊ’ म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा माफी नको असते, समोरचा वाकलेला बघायचा असतो. अशी काढून घेतलेली माफी दुसऱ्या दिवशी अनुयायांच्या मनात सूड होऊन बसते. १७ मार्च २०२५च्या दंगलीनंतर आपल्या शहराने संचारबंदी पाहिली आहे. महाल, इतवारी, मोमिनपुऱ्यातल्या कोणत्याही दुकानदाराला हे वेगळं सांगायला नको.

कायद्याची कसोटी याहून वेगळी आहे. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम २९५-अ १९२७ साली आलं, आज ते भारतीय न्याय संहितेत २९९ आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. पण त्यासाठी जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात बसत नाही. माफीनामा दिला म्हणून गुन्हा आपोआप मिटत नाही, आणि गुन्हा बसत नाही म्हणून माफीची गरजही संपत नाही.

‘गादीवरचा माणूस झुकला तर धर्म झुकला’ असं त्या बैठकीतही एकजण म्हणाला. मला ते मुळीच पटत नाही. इतवारीतल्या जैन घरांत दरवर्षी ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात. वर्षावास संपताना बौद्ध भिक्खू पवारणा करतात: ‘माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं असेल तर दाखवून द्या,’ असं संघाला स्वतःहून सांगतात. तिथे ज्येष्ठ भिक्खूही सुटत नाही. यातला कोणता धर्म लहान झाला?

त्या दिवशी महाराजांनी पेन मागून घेतलं आणि ‘असतील तर’वर काट मारली. चाचा म्हणाले, ‘‘सही राहू द्या. जिथं बोलले, तिथंच सांगा.’’

पुढच्या एकादशीला त्याच मंदिरात, अभंग धरण्याआधी, महाराजांनी टाळकऱ्यांना थांबवलं. ‘‘त्या दिवशी मी मुसलमानांच्या प्रार्थनेबद्दल बोललो ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. मी त्यांची माफी मागतो.’’ मागे कुजबुज झाली, दोघं उठून गेले. मग मृदंग सुरू झाला.

चाचांना तो व्हिडिओ त्यांच्या नातवाने दाखवला, मी तिथेच होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, फोन परत दिला आणि चहा मागवला. माफ केलं का, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.