कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला
मेंदूला रक्त पुरवणारी अंतर्गत कॅरोटिड धमनी डोळ्याच्या खोबणीमागे कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या पोकळीतून जाते. तिची भिंत फाटून किंवा आसपासच्या बारीक शाखांमधून धमनीचे रक्त त्या पोकळीत शिरू लागले, तर त्या विकृत जोडणीला हे नाव आहे. धमनीच्या दाबामुळे शिरांतील रक्त उलटे डोळ्याकडे लोटले जाते.

१९८५ च्या बॅरो वर्गीकरणातील 'अ' प्रकार थेट, वेगवान प्रवाहाचा असून तो बहुधा डोक्याला मार लागल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी प्रकटतो. पुणे–हैदराबाद महामार्गावरील सोलापूरसारख्या शहरात अपघातग्रस्ताचा डोळा पुढे आलेला व नाडीबरोबर उडताना दिसला, तर निदान फारसे अवघड नसते. खरी चकवणारी गोष्ट उरलेल्या तीन अप्रत्यक्ष प्रकारांची आहे. ते प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हळूहळू वाढतात आणि 'डोळे आले' असे समजून आठवडेच्या आठवडे थेंब घातले जातात. मात्र येथे चिकट घाण येत नाही. बुबुळाच्या कडेपर्यंत पोहोचलेल्या नागमोडी, फुगलेल्या लाल वाहिन्या दिसतात, डोळ्याचा दाब वाढतो, आणि डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा सहावा मज्जातंतू दुबळा झाल्यास एकाची दोन दिसतात. डोक्यात ठोक्यागणिक होणारा 'सूं सूं' आवाज यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणाऱ्याला दिवसा जाणवेलच असे नाही, म्हणून रात्रीविषयी मुद्दाम विचारावे. हा आवाज ऐकण्यासाठी मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवण्यास मिनिटही लागत नाही, तरी गर्दीच्या ओपीडीत नेमके हेच राहून जाते.

सीटी किंवा एमआरआयमध्ये डोळ्याची वरची शीर फुगलेली आढळते. पक्के निदान व उपचाराची आखणी डीएसए या अँजिओग्राफीवरून (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रांवरून) होते.

१८०९ मध्ये लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी अशा स्पंदणाऱ्या डोळ्यासाठी मानेतील कॅरोटिड धमनीच बांधली होती. १९७४ मध्ये सोव्हिएत न्यूरोसर्जन सर्बिनेन्को यांनी सुटा होणारा फुगा वापरून धमनी वाहती ठेवत छिद्र बुजवण्याची वाट दाखवली. आता बहुधा मांडीतून नळी नेऊन प्लॅटिनमच्या कॉइलने जोडणी बंद करतात. मंद प्रवाहाचे काही फिस्टुला आपोआप मिटतात. निवडक रुग्णांना मानेतील धमनी विरुद्ध बाजूच्या हाताने ठरावीक वेळ दाबण्यास शिकवतात, कारण मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडला तर तोच हात दुबळा होऊन खाली पडतो. धमनीत चरबीचे थर नाहीत याची खात्री डॉक्टरांनी केल्याशिवाय हे करू नये. दृष्टी झपाट्याने घटत असेल किंवा रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरांत वळले असेल, तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका असल्याने थांबता येत नाही. जोडणी बंद झाल्यावर सूज व लाली काही तासांत ते दिवसांत ओसरू लागते, दुहेरी दिसणे जाण्यास महिने लागू शकतात, आणि गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही.