गाडीत रुतलेले केस आणि पाण्याची घाई

कुत्र्याचा एक लांबसा केस घ्या. नसेल तर स्वतःचाही चालेल. अंगठा आणि तर्जनीमध्ये तो आडवा धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने हलकेच मागेपुढे घासा. केस चालायला लागतो, आणि तोही एकाच दिशेने, मुळाकडचं टोक पुढे करून. आता केस उलटा धरून तेच करा. तो पुन्हा मुळाच्याच दिशेने सरकेल.

कुत्र्यामांजरांच्या केसांनी भरलेली, कित्येक महिने आतून हात न लागलेली गाडी स्वच्छ करणं इतकं जिकिरीचं का असतं, याचं निम्मं उत्तर या प्रयोगात आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ खवले असतात, घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि त्यांच्या कडा टोकाच्या दिशेने असतात. त्यामुळे केस मुळाच्या बाजूने सहज पुढे घुसतो. टोकाच्या बाजूने ओढला तर खवल्यांच्या कडा आजूबाजूच्या तंतूंना अडकतात.

बऱ्याच गाड्यांच्या डिकीतलं अस्तर विणलेलं नसतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या सुट्या तंतूंचा थर पसरतात आणि त्यात काटेरी सुया वेगाने खालीवर मारतात. सुयांच्या अंगावरचे बारीक आकडे वरचे तंतू ओढून खाली नेतात, तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड तयार होतं. त्याच कापडावर लॅब्रॅडॉर बसतो, उठतो, गोल फिरून पुन्हा बसतो. गाडी खड्ड्यातून जाते. प्रत्येक हादऱ्याला अंगावरून गळलेला केस मुळाच्या बाजूने थोडा आणखी आत सरकतो. कारखान्यात जे काम सुयांनी केलं, तेच पुढे केस स्वतःच करत राहतात. म्हणून वर्षभरानंतर हे केस कार्पेटवर पडलेला कचरा राहत नाहीत, ते त्या कापडाचाच भाग होऊन बसतात.

अशा वेळी आपल्याकडे पहिला हात जातो तो बादलीकडे. गाडी घाण झाली की धुवायची, ही सवय बाहेरच्या पत्र्यासाठी ठीक आहे. आतल्या केसांच्या बाबतीत मात्र ती घातक आहे, असं मी ठामपणे म्हणेन. केसाळ कार्पेटवर साबणाचं पाणी ओतून ब्रशने घासणं म्हणजे नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड जाजम, बनवण्याची कृती आहे. काश्मिरात नमदा असाच बनतो: लोकरीचा थर पसरायचा, साबणाच्या पाण्याने भिजवायचा, गुंडाळून दाबत घोळवायचा. ओलाव्याने तंतू फुगतो, लवचिक होतो, आणि प्रत्येक दाबाबरोबर मुळाच्या दिशेने सरकत शेजाऱ्यांत गुंतत जातो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतल्यावर आटून घट्ट होतो, त्यामागेही हेच कारण असतं. नमदा करायचा असेल तर हा गुण मोलाचा आहे, पण डिकीत आपल्याला नमदा नको आहे. तेव्हा आधी सगळं काम कोरडं, पाणी शेवटी.

मग व्हॅक्यूम क्लीनर? तोही एकटा पुरत नाही, आणि हे कोडं व्हॅक्यूम क्लीनरच्या जन्माइतकंच जुनं आहे. ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ साली हवा ओढून घेणारं यंत्र बनवलं. त्याआधी त्याने लंडनमधल्या एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली होती. त्याला जोराचा ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ जमा झाली. कल्पना खरी ठरली. पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लरला दमा होता, आणि झाडताना उडणारी धूळ त्याला सोसत नसे. त्याने हवा ओढणाऱ्या पंख्याला फिरता ब्रश जोडला आणि १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. नुसत्या ओढीने न निघणारं ब्रशने आधी सैल करायचं, ही त्यातली खरी युक्ती.

ओढ कमी का पडते ते सांगतो. नळीच्या तोंडापासून जरा दूर गेलं की हवेचा वेग झपाट्याने घटतो. कापडाच्या अगदी लगत तर हवा जवळजवळ थांबलेलीच असते. मातीचा कण सुटा असतो, तो उचलला जातो. केसाचा मात्र बराचसा भाग तंतूंत रुतलेला असतो. वर दिसतं ते सहसा टोक, आणि टोकाकडून ओढणं म्हणजे खवल्यांच्या विरुद्ध ओढणं. म्हणून महागडं यंत्र फिरवल्यावरही वाळू निघते आणि केस जागच्या जागी राहतात. तरी पहिला फेरा व्हॅक्यूमचाच हवा. वाळूचे धारदार कण तंतूंच्या बुडाशी राहिले, तर पुढच्या घासण्यात ते कार्पेट कुरतडतात.

त्यानंतर रबर. भांडी घासायचा रबरी हातमोजा, काच पुसायचा वायपर, बाजारात मिळणारा रबरी दात्यांचा ब्रश, काहीही चालेल. रबर मऊ असतं, दाबलं की केसाभोवती वाकतं आणि त्याच्याशी खूप मोठ्या भागात चिकटून संपर्क साधतं. त्यामुळे त्याचं घर्षण प्लास्टिकच्या गुळगुळीत दातांपेक्षा कितीतरी जास्त असतं. आखूड, एकाच दिशेचे फटके मारायचे. प्रत्येक फटक्याला केस वाकतो, थोडा बाहेर येतो, शेजारच्या केसात गुंततो आणि त्यांची वळी तयार होते. जो गुंतण्याचा गुण इतका वेळ आपल्याला छळत होता, तोच इथे कामाला येतो: एक केस दुसऱ्याला ओढून काढतो. मागेपुढे घासलं, तर मात्र निघालेलं पुन्हा आत जातं. केसांची वळी सीटच्या कडेशी आली की ती हाताने उचलायची किंवा व्हॅक्यूमने ओढायची. सीटच्या शिवणी, बेल्टची कुलपं आणि सीटखालचे रूळ इथे वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो.

जाड कार्पेटसाठी काहीजण टाच घासायचा प्युमिस दगड वापरतात. तो केस काढतो हे खरं, पण कार्पेटचे तंतूही तोडतो. सीटच्या कापडाला तो लावूच नये.

लॅब्रॅडॉर, बीगल, पग यांचे केस आखूड, ताठ आणि सरळ असतात. ते सुईसारखे उभे शिरतात. लांब केसांच्या कुत्र्यांचे केस पृष्ठभागावर गुंता करतात, दिसायला भयंकर दिसतात, पण निघतात लवकर. त्यातही अंगालगतची मऊ लव सगळ्यात बारीक, ती सीटखालच्या कोपऱ्यात गोळे होऊन बसते.

केसांचा आणखी एक आधार म्हणजे स्थिर विद्युत. केस आणि पॉलिएस्टर एकमेकांवर घासले की केसाकडचे इलेक्ट्रॉन पॉलिएस्टरकडे जातात. केस धनभारित होतो, कापड ऋणभारित, आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. पुण्यात किंवा नागपुरात डिसेंबरच्या कोरड्या हवेत हा त्रास जास्त, कारण भार वाहून न्यायला हवेत आणि कापडावर पुरेसा ओलावा नसतो. यावर उपाय म्हणून पाण्याची अगदी हलकी फवारणी करतात, हात फिरवल्यावर दमट वाटेल एवढीच. त्या पाण्यात कपडे मऊ करणाऱ्या कंडिशनरचे थोडे थेंब घातले तर आणखी बरं. त्यातले धनभारित रेणू तंतूंवर बसतात, भार मोडतात आणि घर्षणही कमी करतात. म्हणजे पाण्याला बंदी नाही, भिजवण्याला आहे.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. कुत्र्यामांजरांची अ‍ॅलर्जी केसांमुळे होते असं सर्रास समजलं जातं. प्रत्यक्षात ती होते काही प्रथिनांमुळे. मांजराच्या बाबतीत मुख्य प्रथिनाचं नाव फेल डी १, कुत्र्याच्या बाबतीत कॅन एफ १. ही लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात, चाटण्यातून केसांवर पसरतात. मांजराच्या प्रथिनाचा बराच भाग पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांवर असतो. असे कण हवेत तासन्‌तास तरंगतात आणि कापडाला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून केस निघाले, गाडी चकचकीत दिसू लागली, तरी दमेकरी माणूस आत बसल्यावर शिंकू शकतो. हे काम करताना एन ९५ मास्क लावा आणि चारही दारं उघडी ठेवा. व्हॅक्यूममध्ये हेपा फिल्टर, म्हणजे अतिशय बारीक कण अडवणारी गाळणी, नसेल, तर हेच बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा हवेत येतात.

पिसवांचं प्रकरण याहून चिवट आहे. पिसवेची अंडी गुळगुळीत असतात, जनावराच्या अंगावरून घरंगळून कार्पेटमध्ये पडतात. अळ्या उजेड टाळून तंतूंच्या बुडाशी जातात आणि तिथे चिकट रेशमी कोश विणतात. त्यावर धूळ आणि केस चिकटले की तो दिसेनासा होतो. कोशातली पिसू ऊब, हादरे आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची वाट पाहत कित्येक आठवडे, अनुकूल हवेत महिनेही थांबू शकते. बंद पडून राहिलेली गाडी चालू करताच पायांना चावे का बसतात, ते यावरून लक्षात येईल. कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवांवर उपचार न करता नुसती गाडी साफ केली, तर सगळे कष्ट वाया जातात.

मग लघवीचे डाग. मूत्रातला युरिया जिवाणूंच्या युरिएज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) फुटतो आणि अमोनिया सुटतो, तोच तो नाकात जाणारा वास. बहुतेक कुत्र्यांचं यकृत युरिक आम्लाचं रूपांतर पाण्यात सहज विरघळणाऱ्या अ‍ॅलॅन्टॉइनमध्ये करतं. डाल्मेशियन जातीत मात्र एका जनुकीय बदलामुळे युरिक आम्ल तसंच मूत्रातून बाहेर पडतं, आणि ते पाण्यात फार कमी विरघळतं. मांजराच्या, विशेषतः बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू फुटून गंधकयुक्त संयुगं तयार होतात, म्हणून वास दिवसेंदिवस वाढतो. अशा डागांवर विकरयुक्त क्लीनर चांगला. त्यातली विकरं किंवा जिवाणू ही संयुगं तोडतात, पण त्यांना वेळ लागतो आणि तोवर डाग ओला राहावा लागतो. फवारलं आणि लगेच पुसलं, तर पैसे फुकट गेले.

फिनेल टाकून वास मारण्याची पद्धत मात्र कृपा करून सोडून द्या. मांजराच्या यकृतात फिनॉल वर्गातली द्रव्यं निकामी करणारं विकर नीट काम करत नाही. आपल्याला जे नुसतं उग्र वाटतं, ते मांजराला विषारी ठरतं. ब्लीचही नको. अमोनियाशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइन वायू तयार होतो, आणि बंद गाडीत तो फुप्फुसांना घातक आहे.

एवढं झाल्यावर पाण्याची पाळी येते. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. कुत्र्याच्या अंगाचं तेल सीटच्या कापडात मुरलेलं असतं, ते या रेणूंच्या वेढ्यात सापडून पाण्यात येतं. जर्मनीतल्या हेन्केल कंपनीचे रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचे चार घटक मांडले: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. गाडीत जोरात घासायला आणि फार गरम पाणी वापरायला मर्यादा आहे, म्हणून फेसाला वेळ द्यायचा, मऊ ब्रश फिरवायचा आणि मळकं पाणी लगेच ओढून घ्यायचं. पाणी ओढणारा व्हॅक्यूम भाड्याने मिळतो, तो आणावा.

लगेच ओढणं का महत्त्वाचं, हे एकदा डाग परत आला की कळतं. सीट संध्याकाळी स्वच्छ असते, सकाळी त्याच जागी पिवळट कडा उमटते. खाली फोममध्ये राहिलेलं मळकं पाणी केशाकर्षणाने तंतूंतून वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि सोबत आलेला मळ तिथेच राहतो. वर चढायला पाणीच जितकं कमी, तितका डाग परतण्याची शक्यता कमी. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगच्या वायरिंगचे. तिथे पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. छताच्या आतल्या कापडाला तर फक्त दमट फडकं लावायचं, कारण ते फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं. भिजलं की लोंबायला लागतं.

वाळवणं हा अर्धा विजय आहे, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये असं माझं मत आहे. कार्पेटखाली फेल्टचा किंवा फोमचा जाड थर असतो. वरून हात कोरडा लागला तरी तो थर ओला असू शकतो, आणि दमट हवेत दोनेक दिवसांत बुरशी धरू लागते. काम मार्च-एप्रिलमध्ये करा, फूटमॅट बाहेर काढा, जमेल तिथे कार्पेटची कड उचलून खाली पंख्याचा वारा घाला. ऊन नसेल तर इंजिन आणि एसी चालू ठेवा, अर्थात मोकळ्या जागी. एसीच्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन गाडीखाली गळते, म्हणजे एसी हवा कोरडी करतो.

शेवटी राहतो तो केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा फिल्टर. अनेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, आणि श्वानप्रेमींच्या गाडीतला फिल्टर बाहेर काढला की कोंडा, केस आणि पाचोळ्याची गादीच हाताशी येते. तो धुऊन परत लावू नका, कागदी घड्या ओल्या झाल्या की सुटतात. नवा आणा, जुना काढल्यावर पोकळीत व्हॅक्यूमची बारीक नळी फिरवा, आणि नव्याच्या कडेवर छापलेला बाण हवा वाहते त्या दिशेने ठेवून बसवा.