वनस्पतिजन्य पूरकांची आंतरक्रिया

हळद, मिरी, लसूण, ज्येष्ठमध इत्यादी वनस्पतींचे अर्क कॅप्सूल किंवा चूर्णाच्या रूपात एकत्र घेतले असता एकामुळे दुसऱ्याच्या शोषणात, चयापचयात किंवा परिणामात होणाऱ्या बदलास आंतरक्रिया म्हणतात.

हिचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण हळद व मिरी यांचे आहे. हळदीतील कर्क्युमिन आतड्यात फारसे शोषले जात नाही, आणि जे शोषले जाते त्यालाही आतड्याच्या अस्तरात व यकृतात ग्लुकुरॉनिक अम्ल (शरीरातच ग्लुकोजपासून बनणारे एक अम्ल) जोडले जाऊन ते लवकर शरीराबाहेर पडते. मिरीतील पायपेरीन ही जोडणी मंदावते. बंगलोर येथील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिग्रॅ. पायपेरीन दिल्यावर कर्क्युमिनची जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात पोहोचणारे त्याचे प्रमाण, २,००० टक्क्यांनी वाढली. जाहिरातींत हा आकडा हमखास असतो. मात्र एकट्या कर्क्युमिनची रक्तातील पातळी मुळातच नगण्य असल्याने एवढ्या वाढीनंतरही ती अल्पच राहते, आणि त्याच प्रयोगात उंदरांमधील वाढ केवळ १५४ टक्के होती, हे सहसा सांगितले जात नाही.

पायपेरीनचा प्रभाव कर्क्युमिनपुरता मर्यादित नाही. अनेक औषधांचे विघटन करणारी यकृतातील विकरेही (एन्झाइमेही) ते रोखत असल्याने इतर औषधांची रक्तातील पातळी त्यामुळे अनपेक्षितपणे चढू शकते. फोडणीतील हळद-मिरीची मात्रा किरकोळ असते. कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा ९५ टक्के कर्क्युमिनॉइडे (कर्क्युमिन व त्याच्यासारखी संयुगे) असलेला संहत अर्क असतो. अशा पूरकांच्या सेवनानंतर यकृतदाहाचे रुग्ण आढळल्यामुळे इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये त्यांच्या वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक केले.

काही जोड्यांत शोषण बदलत नाही, तर दोन परिणामांची बेरीज होते. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिनामुळे मूत्रावाटे पोटॅशियम जाते, सोनामुखीच्या जुलाबांनी ते मलावाटे जाते. दोन्ही असलेले रेचक चूर्ण दीर्घकाळ घेतल्यास स्नायूंची दुर्बलता व हृदयाच्या लयीत बिघाड संभवतो. लसूण, गिंको (एक चिनी वृक्ष) व हळद यांचे अर्क रक्तबिंबिकांचे (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेटांचे) एकत्र चिकटणे कमी करतात, असे मुख्यतः प्रयोगशाळेत दिसले आहे. माणसांतील पुरावा विसंगत असला, तरी खबरदारी म्हणून शस्त्रक्रियेच्या एक-दोन आठवडे आधी ते थांबवण्यास सांगितले जाते. पुष्कळ रुग्ण या अर्कांना औषध समजतच नसल्यामुळे भूलतज्ज्ञाला त्यांविषयी मुद्दाम विचारावे लागते.